मुक्या आश्रितांचे खाते : पाळीव प्राण्यांचा विमा आणि उपचारनिधी

व्यापाऱ्याच्या वहीत प्रत्येक गोष्टीला खाते असते. मालाचे, उधारीचे, भाड्याचे, हमालीचे, घसाऱ्याचे आणि धर्मादायाचेही. इतकेच नव्हे, तर बुडीत जाणाऱ्या येण्याची तरतूददेखील शहाणा व्यापारी आधीच करून ठेवतो. मात्र त्याच्याच दाराशी जो मुका जीव रात्रंदिवस जागतो, ज्याच्या अंगाखांद्यावर घरची मुले खेळतात, त्याच्या नावाचे पान बहुतेक वह्यांत आढळत नाही. त्याचे अन्न घरखर्चात जाते, आणि आजारपण उद्भवले म्हणजे तो खर्च 'अकस्मात' म्हणून मांडला जातो.

प्रस्तुत लेखात आम्हांस इतकेच दाखवावयाचे आहे की, हा खर्च अकस्मात नव्हे. तो केव्हा येईल हे ठाऊक नसते. येणार हे मात्र ठाऊक असते. आणि जे येणार हे ठाऊक आहे त्याची तरतूद न करणे, यास व्यापाराच्या भाषेत अव्यवस्था म्हणतात व धर्माच्या भाषेत प्रमाद म्हणतात. प्रमाद हे हिंसेचे मूळ होय, हे आपल्या समाजात लहान मुलासही शिकविले जाते. तेव्हा हा विषय केवळ पैशाचा नसून आपल्या आचारधर्माचाही आहे, हे वाचक बंधुभगिनींनी आरंभीच ध्यानात घ्यावे.

भंवरकुआंची बदललेली वस्ती

इंदूरचा आग्रा-मुंबई मार्गावरील भंवरकुआं चौक आज विद्यार्थ्यांचा परिसर म्हणून प्रसिद्ध आहे. १९६४ साली स्थापन झालेल्या आणि १९८८ पासून देवी अहिल्येचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाचा तक्षशिला परिसर येथून जवळच. शिकवणी वर्ग, वसतिगृहे, खाणावळी व त्यांच्या आधाराने उभी राहिलेली दुकाने यांनी हा भाग गजबजलेला असतो. जुन्या वाड्यांच्या जागी मजल्यांवर मजले चढले. त्यांतील अनेक घरांत आता कुत्रे किंवा मांजर हे कुटुंबाचे एक माणूसच झाले आहे.

पूर्वी वाड्यात गाय असे, दाराशी मोकळे कुत्रे असे. गाईला गवळी पाहत असे, कुत्र्याला साऱ्या गल्लीची भाकरी मिळत असे. आश्रय अनेकांचा होता, म्हणून भारही अनेकांवर विभागला जाई. आज सदनिकेत ठेवलेला जीव सर्वस्वी एका कुटुंबावर अवलंबून आहे. त्याला स्वतःचे अन्न शोधता येत नाही, सावली शोधता येत नाही, आणि आजारी पडल्यास बाहेर पडून आपले पाहताही येत नाही. त्याचे स्वातंत्र्य आपण घेतले. त्याच्या मोबदल्यात त्याच्या संरक्षणाची जबाबदारी आपल्याकडे आली. हा एक न लिहिलेला करारच होय, आणि व्यापारी मनुष्यास कराराचे महत्त्व सांगावयास नको.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांकडे या दृष्टीने पाहावे. जिवास बांधून ठेवणे, मारणे, त्याचे अवयव छेदणे, त्यावर शक्तीबाहेर भार लादणे, आणि त्याचे अन्नपाणी रोखणे, हे ते पाच होत. हे दोष परक्या प्राण्याच्या बाबतीत क्वचितच घडतात. ते घडतात आपल्या ताब्यातील, आपल्यावर विसंबलेल्या प्राण्याच्या बाबतीत. श्रावकाची खरी कसोटी आश्रितांपाशी आहे, हे त्या शास्त्रकारांनी अचूक ओळखले होते. आमच्या मते अन्नपाणी रोखणे आणि दुखण्यात औषध न देणे यांत फारसे अंतर उरत नाही.

देशाचा कायदाही याच दिशेने बोलतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने, ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या कल्याणासाठी सर्व वाजवी उपाय योजावेत असे कर्तव्य घालून दिले आहे. पाळलेल्या प्राण्यास विनाकारण वाऱ्यावर सोडून देणे हा त्या कायद्यान्वये गुन्हा आहे. या कायद्यासाठी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत जो आग्रह धरला तो सर्वश्रुत आहे.

दयेला तरतुदीची जोड

दया सर्वांच्या अंतःकरणात उपजते. परंतु ती टिकते तरतुदीने. याचे पहिले उदाहरण आपल्याच होळकरशाहीत सापडते. अहिल्याबाई होळकर यांनी १७६७ ते १७९५ या काळात महेश्वर येथून राज्यकारभार केला. सर जॉन माल्कम याने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात त्यांच्या भूतदयेची हकीकत नोंदविली आहे. उन्हाळ्यात महेश्वरच्या आसपास नांगराला जुंपलेले बैल मध्येच थांबवून त्यांना बाईंचा सेवक पाणी पाजीत असे. शेतकरी पाखरांना हाकलून देतात हे पाहून बाईंनी पाखरांसाठी शेतेच विकत घेतली, आणि तेथे पाखरे निर्धास्तपणे दाणे टिपीत.

या हकीकतीतील 'विकत घेतली' हे शब्द महत्त्वाचे आहेत. पाखरांबद्दल हळहळ वाटणे सोपे होते. मूठभर दाणे टाकणे त्याहूनही सोपे होते. परंतु बाईंनी त्या दयेसाठी जमीन खरेदी केली. म्हणजे हंगामामागून हंगाम चालेल अशी व्यवस्था केली. सातारा प्रांतीही अशीच एक आठवण जपली आहे. छत्रपती शाहू महाराजांचे प्राण वाघापासून वाचविणाऱ्या कुत्र्याला महाराजांनी पालखीचा मान व नेमणूक दिली अशी परंपरा सांगते, आणि संगम माहुली येथे त्या कुत्र्याची समाधी दाखविली जाते. उपकाराची फेड शब्दांनी न करता नेमणुकीने करावयाची, ही मराठी राज्यकर्त्यांची रीत त्यातून दिसते.

राजांनी केले ते व्यापाऱ्यांनी कसे केले, याचे उदाहरण मुंबईत घडले. १८३२ च्या जून महिन्यात सरकारने बेवारशी कुत्र्यांना मारण्याची मोहीम कडक केली, तेव्हा मुंबईत दंगा उसळला. पारशी समाजात कुत्रा पवित्र मानला जातो. त्यामुळे पुढाकार त्यांचा होता, परंतु जैन व इतर हिंदू व्यापाऱ्यांनीही दुकाने बंद ठेवून साथ दिली. दंगा शमला, प्रश्न उरला. कुत्र्यांना मारू नका असे म्हणणे एक, आणि त्यांना ठेवावयाचे कोठे, पोसावयाचे कोणी, हे दुसरे. त्याचे उत्तर म्हणून १८३४ साली मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली. जमशेटजी जीजीभाई आणि आपले जैन श्रेष्ठी मोतीचंद अमीचंद, ज्यांना लोक मोतीशा म्हणून ओळखतात, यांची नावे त्या स्थापनेशी जोडलेली आहेत.

या संस्थेचा सर्वांत शिकण्याजोगा भाग म्हणजे तिची धनव्यवस्था. देणगी एका दिवसाची असते, भूक मात्र रोजची असते. म्हणून मुंबईच्या व्यापाऱ्यांनी कापूस वगैरे मालाच्या उलाढालीवर ठराविक 'लागा' आपण होऊन बसवून घेतला. प्रत्येक सौद्यामागे अल्पशी रक्कम बाजूला पडे; कोणास ती जड वाटत नसे; आणि सर्वांची मिळून जी गंगाजळी होई तीवर हजारो मुक्या जिवांचा निर्वाह चाले. पुष्कळांनी थोडे थोडे द्यावयाचे, आणि ज्या वेळी ज्याला गरज पडेल त्या वेळी त्याच्या कामी आणावयाचे, हेच ते तत्त्व. आधुनिक काळात या तत्त्वाला विमा म्हणतात. तेव्हा विमा ही कल्पना आपल्या पेढ्यांना परकी नाही.

पशूचा उपचार महाग का पडतो

पुष्कळांना असे वाटते की, जनावराचे औषध स्वस्त असावे. गोळी स्वस्त असेलही. परंतु निदान स्वस्त नसते. मनुष्य वैद्यास सांगतो की येथे दुखते, कालपासून दुखते, जेवल्यावर दुखते. पशू काहीच सांगत नाही. त्यामुळे जे आपण तोंडाने सांगतो ते पशुवैद्याला रक्ततपासणीतून, क्षकिरण चित्रातून व सोनोग्राफीतून काढून घ्यावे लागते. कित्येकदा जनावर हलू नये म्हणून साध्या तपासणीसाठीही गुंगीचे औषध द्यावे लागते. शिवाय मनुष्याच्या आजारात सरकारी योजनेचा, कामगार विम्याचा किंवा धर्मादाय रुग्णालयाचा आधार मिळतो. घरच्या कुत्र्यामांजरांसाठी असा आधार तुरळकच असतो. बहुतेक सर्व भार धन्याच्या खिशावर पडतो.

कोणते आजार येतात तेही जाणून घ्यावे. कोवळ्या पिलांना पार्वो नावाचा विषाणू जडतो. उलट्या व रक्ती जुलाब सुरू होतात, आणि दोन-तीन दिवसांत पिलू हातचे जाते. योग्य वेळी सलाईन व शुश्रूषा मिळाल्यास पुष्कळ पिले वाचतात. परंतु ती शुश्रूषा कित्येक दिवस चालते. पावसाळ्यात गोचीड वाढतात आणि त्यांच्यामुळे ताप येऊन रक्तातील पेशी घटतात. शस्त्रक्रियेने वंध्य न केलेल्या मादीच्या गर्भाशयात पुढे पू होण्याचा धोका असतो. तेव्हा तातडीची शस्त्रक्रिया हाच मार्ग उरतो. उतारवयात मूत्रपिंड, दात, हृदय यांची दुखणी आणि गाठी उद्भवतात. माळव्याच्या मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. अशा वेळी चपट्या नाकाच्या किंवा थंड प्रदेशातील दाट केसांच्या कुत्र्यांना उष्माघात होतो. दिवाळीच्या फटाक्यांनी बिथरलेले कुत्रे रस्त्यावर धावत सुटले, तर आग्रा-मुंबई मार्गावरील वाहने त्याच्यासाठी थांबत नाहीत.

आपल्या भागाचे भाग्य असे की, भंवरकुआंवरून राऊमार्गे जाणारा हाच रस्ता महूला पोचतो. २००३ पासून त्या गावाचे नाव डॉ. आंबेडकर नगर आहे. तेथे १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय चालू आहे. माळव्याच्या गुरांना व इतर प्राण्यांना या महाविद्यालयाचा मोठा आधार आहे. परंतु महाविद्यालय जवळ असणे आणि उपचाराचे पैसे जवळ असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी होत.

येथेच खरा पेच उभा राहतो. रोग बरा होण्याजोगा आहे, वैद्य समोर आहे, औषध कपाटात आहे. केवळ रक्कम हाती नाही, म्हणून जनावराला कायमचे निजविण्याचा निर्णय घ्यावा लागतो, असा प्रसंग जगातील सर्व देशांच्या पशुवैद्यांना ठाऊक आहे. ज्या घरात पाणीही गाळून पितात, त्या घरावर असा निर्णय घेण्याची पाळी यावी यापरते दुःख कोणते? काही लोक हा निर्णय स्वतः घेत नाहीत. ते जनावराला पांजरापोळीच्या दाराशी बांधून येतात, किंवा दूरच्या रस्त्यावर सोडून येतात. निर्णय टळला असे त्यांना वाटते. वस्तुतः तो निर्णय त्यांनी ऊन, भूक व वाहने यांच्या हाती सोपविलेला असतो. अशा माणसांना आम्ही निर्दय म्हणणार नाही. त्यांच्या ठायी दया होती, तरतूद नव्हती.

तीन खाती

आता व्यवहाराकडे वळू. पाळीव जिवाच्या खर्चाचे तीन भाग पाडावेत, आणि प्रत्येकासाठी निराळे साधन योजावे. सर्व खर्च एकाच साधनाने भागविण्याचा प्रयत्न केल्यामुळेच पुष्कळांचा हिशेब चुकतो.

पहिले नित्य खाते. यात अन्न, जंतांचे औषध, गोचीडनाशक, वार्षिक तपासणी आणि लसीकरण येते. पिलाला सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास पहिली लस देऊन काही आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा द्यावी लागते. पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याप्रमाणे वेळोवेळी ती चालू ठेवावी लागते. पिसाळ रोगाची लस तर कदापि चुकवू नये. कारण तो रोग एकदा प्रकट झाला म्हणजे पशू काय आणि मनुष्य काय, वाचण्याची आशा जवळजवळ नसते. हा खर्च ठराविक आहे. त्यासाठी विमा शोधू नये. तो मासिक घरखर्चातच धरावा. लसीवर वाचविलेला रुपया पुढे शंभर रुपये मागतो.

दुसरे बचत खाते. समजा एखाद्या कुटुंबाने रोज २० रुपये बाजूला टाकले. महिन्याचे ६०० आणि वर्षाचे ७,२०० होतात. पाच वर्षांत व्याज सोडून ३६,००० जमतात. ही रक्कम बँकेत वेगळ्या आवर्ती ठेवीत असावी. घरातील इतर पैशांत मिसळू नये, कारण मिसळलेला पैसा लग्नसराईत किंवा सणासुदीत ओळखू येत नाही. या बचतीचा गुण असा की, ती कोणत्याही कारणासाठी वापरता येते. अट नाही, अर्ज नाही, नकार नाही. जनावर सुदैवाने निरोगी राहिले तर रक्कम आपलीच राहते. उतारवयातील दीर्घ दुखण्यांना, ज्यांना विमा कंपन्या सहसा हात लावीत नाहीत, हीच रक्कम कामास येते.

परंतु या खात्यात एक उणीव आहे. संकट पाचव्या वर्षापर्यंत थांबत नाही. बचत सुरू केल्यापासून चौथ्याच महिन्यात पिलाचा पाय मोडला आणि २५,००० रुपयांचा खर्च निघाला, तर हाती फक्त २,४०० असतात. बचतीला वेळ लागतो; अपघात वेळ देत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी तिसरे खाते हवे, ते विम्याचे.

विम्याचे गणित साधे आहे. समजा १०० घरांत १०० कुत्री आहेत. त्यांपैकी वर्षात पाचांवर प्रत्येकी २०,००० रुपये खर्चाचे संकट येते. एकूण खर्च १,००,००० रुपये झाला. कोणती पाच घरे ती, हे आधी कोणासच सांगता येत नाही. परंतु प्रत्येक घराने १,००० रुपये दिले तर ती पाचही घरे तरतात. कंपनीचा कारभार व नफा यांसाठी आणखी काही रक्कम पडेल, ती हप्त्यात मिळते. ज्या ९५ घरांना काही मिळाले नाही त्यांचे पैसे वाया गेले काय? गोदाम जळले नाही म्हणून आगीच्या विम्याचा हप्ता वाया गेला असे आपल्यापैकी कोण म्हणतो? वर्षभर निर्धास्त झोप मिळाली, हीच त्याची पावती. शिवाय आपल्या हप्त्याने दुसऱ्याच्या घरचा जीव वाचला, हा लाभ निराळाच.

विम्याचा थोडा इतिहास

पशूंचा विमा ही नवी गोष्ट नाही. स्वीडनमध्ये १९व्या शतकाच्या अखेरीस घोडे व गुरे यांचा विमा उतरविला जाऊ लागला आणि १९२४ साली कुत्र्याचा विमा निघाला. इंग्लंडात त्याचा आरंभ १९४७ साली झाला. आज स्वीडनमधील बहुसंख्य कुत्र्यांचा विमा उतरविलेला असतो.

आपल्या देशात १९७३ च्या आरंभी सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर गाईम्हशींच्या विम्यास त्या दशकात चालना मिळाली. पुढे राष्ट्रीय पशुधन अभियानाखाली सरकारने हप्त्याचा भार उचलला. २०२४ च्या निर्णयाप्रमाणे पशुपालकाने हप्त्याचे फक्त १५ टक्के द्यावयाचे असून उरलेली रक्कम केंद्र व राज्य मिळून देतात. घरच्या कुत्र्यांसाठी सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांची विमापत्रे पूर्वीपासून होती. २०२० साली पुण्याच्या बजाज अलायन्झ या तेव्हाच्या नावाच्या कंपनीने कुत्र्यांसाठी उपचारखर्चाचा समावेश असलेली योजना आणली, आणि नंतर इतर कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या.

गुरांचा विमा आणि घरच्या कुत्र्याचा विमा यांतील भेद मात्र नीट समजून घ्यावा. म्हैस मेली म्हणजे शेतकऱ्याचे उत्पन्न बुडते. म्हणून गुरांचा विमा मुख्यतः मृत्यूनंतर जनावराची किंमत भरून देतो. आपल्या मोत्याला बाजारात किंमत नाही. रस्त्यावरून उचलून आणलेल्या पिलाची किंमत शून्य रुपये. परंतु त्याच्या मोडलेल्या पायाचा खर्च मात्र जातिवंत कुत्र्याइतकाच. तेव्हा घरच्या प्राण्यासाठी मृत्यूची भरपाई देणारे विमापत्र फारसे उपयोगाचे नाही. रोग, शस्त्रक्रिया व रुग्णालयाचा खर्च देणारेच पाहावे.

विमापत्र वाचताना

व्यापारी सौदा करताना नमुना पाहतो, वजन पाहतो, अटी पाहतो. विमापत्रही तसेच पाहावे. प्रथम वयाची अट पाहावी. बहुधा काही महिन्यांच्या पिलापासून काही वर्षांच्या वयापर्यंतच नवा विमा मिळतो. म्हातारपणी दार बंद होते. म्हणून विमा तरुणपणीच घ्यावा. दुसरे, प्रतीक्षाकाल पाहावा. विमा घेतल्यापासून ठराविक दिवसांत उद्भवलेल्या आजाराचा खर्च मिळत नाही. तिसरे, अपवादांची यादी शेवटपर्यंत वाचावी. आधीपासून असलेले दुखणे, लस न दिल्यामुळे झालेला रोग, आणि अनेकदा प्रसूती व दातांचे उपचार यात मोडतात. चौथे, प्रत्येक दाव्यात आपण स्वतः किती भाग सोसावयाचा ते पाहावे. पाचवे, कुत्र्याची ओळख कशी पटवावयाची ते विचारून घ्यावे. कातडीखाली बसविलेल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या चिपेमुळे ओळख निर्विवाद होते, आणि हरवलेला जीव घरी परतण्याचाही संभव वाढतो. सहावे, आपला कुत्रा दुसऱ्यास चावला तर त्याची भरपाई विमापत्रात येते काय, तेही पाहावे.

लसीकरणाची वही, वैद्याच्या चिठ्ठ्या, औषधांची व तपासणीची बिले ही सर्व एका पाकिटात तारीखवार ठेवावीत. दावा नाकारला जातो तो पुष्कळदा कागदाच्या अभावी. रीतसर दावा असूनही अन्याय झाला असे वाटल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहावे. त्यानेही समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. मध्य प्रदेशासाठी त्यांचे कार्यालय भोपाळ येथे आहे.

आणि एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगावीशी वाटते. अर्ज भरताना जुने दुखणे लपवू नये. विम्याचा करार हा संपूर्ण सचोटीवर उभा असतो. लपविलेले दुखणे उघडकीस आले म्हणजे दावा जातो; पण त्याहून मोठी हानी अशी की, सत्याणुव्रत जाते. जीवदयेसाठी असत्याचा आधार घेणे म्हणजे एका हाताने दिवा लावून दुसऱ्या हाताने तेल सांडणे होय.

काही शंका

पहिली शंका अशी घेतली जाते की, माणसे उपाशी असताना कुत्र्यासाठी हप्ते कशाला? ही शंका कुत्रे घरी आणण्यापूर्वी घेतली असती तर योग्य ठरली असती. ज्याची तरतूद करण्याची ऐपत किंवा इच्छा नाही त्याने जीव पाळू नये, हे उघड सांगण्यात आम्हांस संकोच नाही. मुलांचा हट्ट किंवा शेजाऱ्याचे पाहून आणलेले पिलू दहाबारा वर्षे घरात राहणार असते. शिक्षणासाठी दोन वर्षे भंवरकुआंला राहण्यास आलेल्या विद्यार्थ्याने तर याचा दहादा विचार करावा. परीक्षा संपते, खोली सुटते, आणि पिलू पायरीवर बसून राहते. परंतु एकदा जीव घरात आणल्यावर मग गरीब माणूस आणि कुत्रा यांची तुलना करणे हा जबाबदारी टाळण्याचा बहाणा होय. दानाचे खाते वेगळे, आश्रिताचे खाते वेगळे.

दुसरी शंका, दयेचा असा हिशेब मांडल्याने दया कोरडी होत नाही काय? मुळीच नाही. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी लाग्याचा हिशेब पैपैने ठेवला, म्हणून तर ती पांजरापोळ पिढ्यान्‌पिढ्या टिकली. ज्या दयेचा हिशेब नाही ती दया पहिल्या मोठ्या बिलापाशी संपते. ज्या घरात तरतूद आहे तेथे आजाराच्या रात्री पैशाची चर्चा होत नाही. सारे लक्ष जनावराकडे राहते.

तिसरी शंका, विमा घ्यावा की केवळ बचत पुरे? ज्याची पेढी मोठी आहे, ज्याला ५०,००० रुपयांचे बिल आले तरी व्यवहारात अडथळा येत नाही, त्याने केवळ बचत ठेवली तरी चालेल. परंतु नोकरदार, लहान दुकानदार व पेन्शनवर जगणारी कुटुंबे यांनी पिलाच्या पहिल्या वर्षांत विमा आणि त्यासोबत बचत, अशी दोन्ही साधने ठेवावीत. बचत पुरेशी वाढल्यावर आणि विम्याची वयोमर्यादा जवळ आल्यावर त्या वेळी पुन्हा विचार करावा. ज्यांना कोणत्याच कंपनीचे विमापत्र सोयीचे वाटत नाही अशा पाचपंचवीस घरांनी एकत्र येऊन, जुन्या लाग्याच्या धर्तीवर, दरमहा ठराविक वर्गणीचा संयुक्त धर्मादाय उपचारनिधी उभारण्याचाही विचार करावा. मात्र त्याचे नियम आधी लेखी करावेत, हिशेब तपासून घ्यावा, आणि सनदी लेखापालाचा सल्ला घेऊनच पाऊल टाकावे.

उपसंहार

येत्या दिवाळीत आपण नव्या वह्यांचे पूजन करू. शुभलाभ लिहून पहिले पान उघडू. त्या वेळी घरात जर एखादा मुका जीव असेल तर त्याच्या नावाचेही एक पान घालावे. त्याच्या डाव्या बाजूस महिन्याची जमा लिहावी आणि उजव्या बाजूस लसीचा, औषधाचा व हप्त्याचा खर्च लिहावा. ते पान लिहिण्याचे काम घरातील मुलामुलींकडे सोपवावे. हिशेब कसा ठेवावा आणि जीव कसा सांभाळावा, हे दोन्ही धडे त्यांना एकाच पानावर मिळतील.

अहिल्याबाईंनी पाखरांसाठी शेत घेतले, मोतीशांच्या काळच्या व्यापाऱ्यांनी सौद्यामागे लागा घातला. आपल्याला शेत घ्यावयाचे नाही, पांजरापोळही बांधावयाची नाही. रोजचे २० रुपये आणि वर्षाचा एक हप्ता, एवढेच आपल्या वाट्याला आले आहे. ते तरी चुकू नये, हीच समस्त सभासद बंधूंस व त्यांच्या कुटुंबीयांस आमची नम्र विनंती.